अणुवीज केंद्राची अग्निसुरक्षा पडताळणी : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

एका जुन्या युनिटची अग्निसुरक्षा नव्याने तपासायची आहे. देखभालीसाठीचा मोठा शटडाऊन जवळ आलाय, त्यामुळे जे सापडेल ते दुरुस्त करायला लगेच संधी मिळेल. पथकात इलेक्ट्रिकलचे दोघे, मेकॅनिकलचा एक, अग्निशमन विभागाचा एक अधिकारी आणि ऑपरेशनमधला एक मुरलेला शिफ्ट इन्चार्ज. ऑपरेशनचा माणूस पहिल्या दिवसापासून हवाच, असा आग्रह मी धरला. ज्यांना हे काम करायचंय त्यांनीही धरावा.

पहिली बैठक सुरुवात कुठून करायची यातच गेली. यादी घेऊन फिरायची पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते: एक्स्टिंग्विशर जागेवर आहे का, होजची तारीख उलटली का, डिटेक्टरचा दिवा लुकलुकतो का. ते करायचंच आहे, पण नंतर. आधी एकच प्रश्न घेतला. या खोलीतलं सगळं जळून गेलं, तर अणुभट्टी बंद करून थंड ठेवायला मागे काय उरतं?

भट्टी बंद केली म्हणून उष्णता थांबत नाही. बंद झाल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. ती बाहेर काढायला पंप लागतो, पंपाला वीज, विजेला केबल. म्हणून आमच्या तक्त्यात खोल्या उभ्या आणि केबल आडव्या असं ठरलं. एक्स्टिंग्विशरची यादी सध्या कपाटात.

११ नोव्हेंबर

या आठवड्यात वेळ वाया गेला तो केबलच्या यादीपायी. यादीत प्रत्येक केबलचा मार्ग ट्रेच्या क्रमांकांनी दिलाय. मधल्या वर्षांत नवे ट्रे बसले, क्रमांक बदलले आणि यादीतला रकाना जुनाच राहिला. कागदावर केबल उत्तरेच्या ट्रेमध्ये, प्रत्यक्षात दक्षिणेच्या. दोन दिवस संगणकावर जुने-नवे क्रमांक जुळवून पाहिले, पण जुळणारे आणि न जुळणारे असे मिसळलेले की कशावरच भरवसा ठेवता येईना.

शेवटी ते सोडून दिलं. भट्टी सुरक्षितपणे बंद करून थंड ठेवायला ज्यांच्यावाचून चालणारच नाही अशाच केबल निवडल्या आणि टॉर्च घेऊन त्यांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत माग काढायला लागलो. हजारोंची यादी काही शेकड्यांवर आली. बरेच टॅग रंगाखाली गेलेत, ते खरवडून वाचावे लागतात. काम संथ आहे, पण संध्याकाळी हातात जे असतं ते खात्रीचं असतं.

हे काम करणाऱ्यांसाठी: ज्या वाल्व्हच्या, पंपाच्या केबलचा माग काढायचा त्याची सोबतची मंडळीही यादीत घ्या. कूलिंग पाणी, खोलीचा पंखा, कंट्रोलचा डीसी पुरवठा, हवेची लाइन. पहिल्या यादीत ही नेमकी सुटतात.

१८ नोव्हेंबर

आज कंट्रोल रूमखालच्या केबल खोलीची पूर्वेकडची भिंत. कागदावर तीन तासांची. म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणी-भट्टीत तापमान चढत तीन तासांनी १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, तोवर आग पलीकडे जाता कामा नये. भिंत काँक्रीटची आहे, तिच्याबद्दल शंका नाही. शंका असते ती भिंतीतून केबल जातात त्या भोकांची.

खोलीच्या बाजूने सगळी पेनिट्रेशन, म्हणजे ही बुजवलेली भोकं, नीट दिसली. सिलिकॉन फोम, त्यावर बोर्ड, बाजूला क्रमांकाची पट्टी. मग पलीकडे जाऊन परांचीवर चढलो. तिसऱ्या ओळीतल्या ट्रेच्या मागे, जिथे मान वाकडी केल्याशिवाय नजर पोचत नाही, तिथे एक काळी इन्स्ट्रुमेंट केबल इतरांपेक्षा नवी दिसली. तिच्याभोवती फोमचा रंग वेगळा होता. बोट लावलं तर दबलं. तो फोम नव्हताच, काचलोकर कोंबून वरून रंगाचा हात मारलेला होता. केबल टाकणाऱ्याने सळईने भोक पाडलं, केबल ओढली आणि पुढच्या कामाला गेला. वर्क परमिटवर सील पूर्ववत केल्याची सही आहे.

अशा फटी शोधायला आम्ही काठीच्या टोकाला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली आणि प्रत्येक सीलजवळ धरली. दोन बाजूंच्या हवेच्या दाबात फरक असेल तर पट्टी हलते. इथे ती सरळ भिंतीकडे ओढली गेली.

२२ मार्च १९७५ ला अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात हेच काम चाललं होतं. केबल खोलीच्या भिंतीतल्या फटी शोधायच्या होत्या. तिथे पट्टीऐवजी मेणबत्ती धरली होती आणि भोकात पॉलियुरेथेन फोम भरलेला होता. पलीकडे रिअॅक्टर बिल्डिंगमध्ये हवेचा दाब कमी, त्यामुळे ज्योत आत खेचली गेली आणि आग भिंतीपलीकडे पोचली. १६०० हून जास्त केबल जळाल्या. विजेच्या आगीवर पाणी मारायचं की नाही यात तासन् तास गेले. पाणी मारल्यावर आग लवकरच विझली. एकूण सुमारे सात तास लागले.

आमच्याकडचा फोम तसा सहज पेटणारा नाही, पण भोक ते भोकच. भिंतीचं सगळं माप त्या एका काळ्या केबलपाशी शून्यावर येतं. त्या ओळीतली सगळी सील दोन्ही बाजूंनी तपासायची असं ठरलं. एका बाजूने पाहून ‘ठीक’ लिहिलेल्या जुन्या नोंदी धरायच्या नाहीत.

२१ नोव्हेंबर

ज्यासाठी केबलचा माग काढत होतो ते सापडलं. भट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे ए आणि बी असे दोन वेगळे गट आहेत, एक गेला तर दुसऱ्याने काम करायचं.

बी गटाचा कूलिंग पंप, त्याची मोटर, ब्रेकर, कंट्रोल केबल, सगळं बी गटाच्या खोल्यांतून जातं. नकाशाही तेच सांगतो. पण त्या पंपाच्या खोलीत जो गार हवेचा पंखा आहे, त्याची केबल ए गटाच्या स्विचगिअर खोलीतून, म्हणजे त्या गटाला वीज वाटणाऱ्या पॅनेलांच्या खोलीतून, वळसा घेऊन येते. मूळ बांधणीत नव्हती. पंखा बदलला तेव्हा जवळचा ट्रे म्हणून तिथून आणली.

ए स्विचगिअरमध्ये आग लागली तर ए गट गेला हे धरलेलंच आहे. तेव्हा बी पंप चालला पाहिजे. तो चालेलही, पण पंखा नाही. बंद खोलीत मोटर स्वतःच्याच उष्णतेने तापत राहील. हिशेब केला तर तासाभराच्या आत मोटरची मर्यादा गाठली जाते. एका आगीत दोन्ही गट.

ब्राउन्स फेरीनंतर अमेरिकेत १९८० साली जो नियम आला त्यात अशा जोडीसाठी तीन वाटा दिल्यात: मध्ये तीन तासांची भिंत, किंवा २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर अंतर, मध्ये जळणारं काही नाही आणि शिवाय डिटेक्टर व आपोआप चालणारी विझवण्याची यंत्रणा, किंवा एका गटाला एक तासाचं वेष्टन आणि तीच यंत्रणा. इतर देशांचे नियम शब्दांनी वेगळे आहेत, पण विचार हाच. आमची केबल तिन्हींत बसत नाही. सहा मीटर अंतर एका कोपऱ्यात भरतं, पण मधून दुसरा केबल ट्रे आडवा गेलाय, आणि केबलचं आवरण हेच जळण आहे.

२७ नोव्हेंबर

पंख्याच्या केबलवर उपाय काय, यावर बैठक. शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, “साहेब, केबलला हात कशाला लावायचा? माणूस पाठवू, खोलीचं दार उघडू, पोर्टेबल पंखा लावू.” बऱ्याच केंद्रांत असं लिहून प्रश्न मिटवतात. मी म्हटलं, चला, करून बघू.

करून बघितलं. मुखवटा आणि हवेचं सिलिंडर पाठीवर, मधल्या कॉरिडॉरचे दिवे बंद. पहिली अडचण: पंप खोलीची वाट ए स्विचगिअरच्या दारासमोरून जाते, आणि आग लागली तर धूर तिथेच असणार. दुसरी: पंखा कुलूपबंद स्टोअरमध्ये, किल्ली शिफ्ट ऑफिसात. तिसरी इन्चार्जनीच शोधून काढली. पंखा आणून दारापाशी ठेवला, वायर सोडली, सॉकेट पाहिलं आणि पॅनेलचा क्रमांक मोठ्याने वाचला. सॉकेटला वीज ए स्विचगिअरचीच. त्यानंतर त्या प्रस्तावाचा विषय कुणी काढला नाही.

माणसावर सोपवलेला प्रत्येक उपाय असाच पायी चालून बघावा. बसून केलेल्या हिशेबात दार, किल्ली आणि सॉकेट येत नाहीत.

दुसरा पर्याय वेष्टनाचा. त्यात दोन गोष्टी लोक विसरतात. वेष्टनात केबलची उष्णता अडकते, त्यामुळे तिची वीज वाहण्याची क्षमता कमी धरावी लागते. आणि नुसती केबल गुंडाळून भागत नाही, ट्रेचे लोखंडी आधारही गुंडाळावे लागतात, नाहीतर आधार तापून वाकतात आणि उष्णता आत नेतात. शिवाय वेष्टनाच्या पाटीवर लिहिलेला वेळ ते चाचणीत टिकलेलं हवं. थर्मो-लॅग नावाचं वेष्टन अमेरिकेत कित्येक केंद्रांत बसवलेलं होतं. चाचण्यांत ते सांगितलेला वेळ टिकत नाही असं दिसल्यावर १९९२ साली तिथल्या नियामक आयोगाला सगळ्यांना पत्र काढावं लागलं.

ठरलं ते असं: केबलच हलवायची, बी गटाच्या मार्गाने नवी टाकायची, शटडाऊनमध्ये. तोपर्यंत ए स्विचगिअरमध्ये दर तासाला अग्निपहारा आणि आत कुठलंही तात्पुरतं सामान ठेवायला बंदी.

३ डिसेंबर

फायर डॅम्पर. हवेच्या डक्टमधली ही झडप. गरम हवेने कडी वितळते, स्प्रिंग सुटते, पाती बंद. देखभालीच्या नोंदीत सगळे ‘उत्तीर्ण’. चाचणी कशी घेतली ते विचारलं. पंखा बंद करून कडी सोडली, पाती पडली.

खरी आग लागेल तेव्हा पंखा चालू असेल. पंखा चालू ठेवून तीच चाचणी घेतली तर मोठ्या डक्टमधली पाती अर्ध्यावर थरथरत राहिली. वाऱ्याचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त.

जोरकस स्प्रिंग लावायची, की डिटेक्टर वाजताच पंखा आपोआप बंद करायचा? दुसरा मार्ग स्वस्त आणि लवकर होणारा. पण ऑपरेशनने एक मुद्दा काढला आणि तो बरोबर होता: तोच पंखा बॅटरी खोलीची हवा काढतो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरी खोलीचा डक्ट आधी वेगळा करायचा, मगच पंख्याला डिटेक्टरशी जोडायचं. या कामाला अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागणार.

९ डिसेंबर

पाणी. डिझेल पंप पहिल्या फटक्यात सुरू झाला. पंपाजवळची आकडेवारी उत्तम: शून्य प्रवाहाला दाब ठरलेल्या दाबाच्या १४० टक्क्यांच्या आत, ठरलेल्याच्या दीडपट प्रवाहाला ६५ टक्क्यांच्या वर. पण सर्वांत लांबच्या हायड्रंटवर दाब हिशेबापेक्षा खूप कमी. पाइप गंजून आतून अरुंद झाला असणार असं सगळ्यांनाच वाटलं आणि लाइन खणायची तयारी सुरू झाली.

मेकॅनिकलवाल्याने थांबवलं. त्याने रिंग मेनचे, म्हणजे केंद्राभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या मुख्य लाइनचे, वाल्व्ह एकेक करून बंद-उघड केले आणि दोन्ही बाजूंचा दाब लिहिला. एका वाल्व्हचा निदर्शक ‘उघडा’ दाखवत होता, चाक फिरत होतं, आतली पाटी मात्र दांड्यापासून सुटून निम्म्यावर अडकली होती. वाल्व्ह बदलला, दाब आला. खोदकाम वाचलं.

या पंपांकडे मी नुसतं आगीचे पंप म्हणून बघत नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन आणि तेल पेटलं, आग केबलच्या वाटेने पसरली. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होतं. त्या वेळी डिझेलवरच्या अग्निशमन पंपांचंच पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडून भट्टी थंड ठेवली. एकाच वाटेने गेलेल्या केबलींमुळे सगळी वीज गेली आणि वेगळ्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या पंपाने वाचवलं. या पडताळणीत शोधायचं काय, हे त्या एका रात्रीत आलंय.

१६ डिसेंबर

टर्बाइन हॉल. इथे भट्टीची सुरक्षा यंत्रणा नसते म्हणून तपासणी वरवर होते. नरोऱ्याची आग इथेच सुरू झाली, आणि स्पेनमधल्या वान्देयोस अणुवीज केंद्राची, १९ ऑक्टोबर १९८९ ची, तीही. तिथे समुद्राच्या पाण्याच्या पाइपचा जोड निकामी होऊन तळघरात पाणीही भरलं. ते युनिट पुन्हा कधी चालू झालं नाही.

हायड्रोजन बाहेर सोडायचा वाल्व्ह जनरेटरच्या अगदी शेजारी आहे. आग जनरेटरला लागली तर तिथवर जाणार कोण? दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशी, भिंतीआड हलवायचा.

बेअरिंगच्या तेलाचा पंप केव्हा थांबवायचा, हे कार्यपद्धतीत स्पष्ट नाही. थांबवला तर फिरतं यंत्र कोरडं पडून बेअरिंग जातात, चालू ठेवला तर आगीला तेल मिळत राहतं. हा निर्णय आग लागल्यावर पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसावर टाकू नये, आधीच लिहून द्यावा. ऑपरेशन मसुदा करतंय.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो जमिनीच्या उताराने. स्प्रिंकलर सुटले की पाण्यावर तरंगणारं पेटतं तेल कुठे वाहील, हे पाहायला बादलीभर रंगीत पाणी ओतलं. ते ड्रेनऐवजी केबलच्या चरीकडे गेलं. चरीवरची झाकणं बसकी झालीत आणि त्यांच्या फटीतून पाणी आत. कडेने काँक्रीटचा उंबरा घालायचा, झाकणं सील करायची. काम साधं, पण तातडीच्या यादीत वर.

गरम स्टीम पाइपवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, दोन ठिकाणी तेलाने भिजलेलं. भिजलेलं लॅगिंग ठिणगीशिवायही पेटतं. काढून नवं बसवायला सांगितलं, आणि तेल कुठून गळतं तेही शोधायला.

५ जानेवारी

शटडाऊन सुरू. केंद्रात जळणारं सामान याच दिवसांत सगळ्यात जास्त येतं. लाकडी फळ्या, प्लास्टिकची ताडपत्री, रंगाचे डबे, चिंध्यांची पिंपं. परांचीच्या लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी, आणि ताडपत्री आग न धरणाऱ्या कापडाची, हे कंत्राटातच घालून ठेवलं होतं. तिथे वाद झाला नाही.

वेल्डिंगनंतरच्या पहाऱ्यावर झाला. अर्धा तास ही जुनी सवय. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी या मानकाने २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास केला, आम्हीही एक तासच धरला. ठेकेदाराचं म्हणणं, माणूस बसून राहतो. बसू दे. केबल ट्रेवर पडलेली ठिणगी धुमसायला वेळ घेते.

१४ जानेवारी

कंट्रोल रूम सोडून जावी लागली तर काय, याची चाचणी. नरोऱ्याला धूर कंट्रोल रूममध्ये शिरला आणि ती सोडावी लागली. आमच्याकडे वेगळ्या इमारतीत दुसरं पॅनेल आहे. स्विच फिरवला की कंट्रोल रूमचा संबंध तुटतो आणि नियंत्रण तिथे येतं.

स्विच फिरला, दिवे लागले, वाल्व्ह चालले. सगळे खूश. मग इलेक्ट्रिकलच्या मुलीने सर्किट उघडून विचारलं, “आग आधी लागणार ना? शॉर्ट आधी होणार आणि स्विच नंतर फिरणार. मग फ्यूज कुठला?” नकाशा पाहिला. दोन्ही जागांना एकच फ्यूज. कंट्रोल रूमच्या आगीत शॉर्ट होऊन तो उडाला, की नंतर स्विच फिरवून काही उपयोग नाही. प्रत्येक सर्किटला दुसऱ्या बाजूने स्वतंत्र फ्यूज घालायचं काम यादीत आलं. ही चूक चाचणीत कधीच दिसत नाही, कारण चाचणीत आग नसते.

याला जोडूनच: जळणारी केबल नुसती मुकी होत नाही. शेजारच्या तारेचा विद्युतदाब तिच्यात शिरला तर ती खोटा हुकूमही देते. बंद राहायला हवा तो वाल्व्ह उघडतो. थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापल्यावर मऊ होणाऱ्या, आवरणाची केबल साधारण २०५ अंश सेल्सिअसला निकामी होते, मऊ न होणाऱ्या थर्मोसेटची ३३० ला. म्हणजे ज्वाळा ट्रेपर्यंत पोचायचीही गरज नाही, छताशी जमलेला गरम धूर पुरतो. ज्या वाल्व्हच्या जोड्या एकत्र उघडल्या तर पाणी निघून जाईल, त्यांची वेगळी यादी केली. शटडाऊननंतर त्यातल्या एकाचा ब्रेकर काढूनच ठेवायचा. पॉवर चालू असताना तो वाल्व्ह लागत नाही.

२ फेब्रुवारी

पंख्याची नवी केबल टाकून झाली, जुनी पूर्ण काढली. जुनी ट्रेमध्ये तशीच सोडायला मी नकार दिला, कारण निकामी केबलही जळतेच.

मग खरी परीक्षा. भट्टी बंद असतानाच ए स्विचगिअर पूर्ण बंद केला, सॉकेटसह सगळं, आणि बी पंप रात्रभर चालवला. खोलीचं आणि मोटरच्या बेअरिंगचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहिलं. पहिले दोन तास चढलं, मग स्थिर झालं, मर्यादेच्या बरंच खाली. पंखा चालू होता.

पहाटे इन्चार्जनी लॉगमध्ये शेवटचा आकडा लिहिला आणि अग्निपहाऱ्याचा आदेश मागे घेतला.

उरलेलं: बॅटरी खोलीचा डक्ट अर्धवट आहे, तोपर्यंत डॅम्परच्या जागी पहारा चालू. फ्यूज निम्म्या सर्किटांना बसले, बाकीचे पुढच्या शटडाऊनला. पेनिट्रेशनच्या नोंदवहीत आता दोन रकाने आहेत, दोन्ही बाजूंना वेगवेगळी सही. नवी केबल ओढणाऱ्या प्रत्येक परमिटला या वहीचा क्रमांक जोडल्याशिवाय परमिट बंद होणार नाही, असा बदल मंजुरीला गेलाय.